नवऱ्याला युगांडाच्या साखर कारखान्यात नोकरी आलीय, सगळ्यांनीच जावं का आधी त्यांनी एकट्यानं?

कळंबची_लेक (प्रश्न)

नमस्कार सगळ्यांना. बऱ्याच दिवसांपासून इथलं नुसतं वाचायलेय, लिहायची पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही धाराशिव जिल्ह्यातले, कळंब साईडचे. मिस्टर साखर कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंगला आहेत, लॅब केमिस्ट म्हणून लागले होते आता डेप्युटी चीफ केमिस्ट. इकडच्या कारखान्यांचं तुम्हाला सांगायला नको, पाऊस झाला तर ऊस, ऊस असला तर गाळप, अन् गाळप झालं तरी पगार टायमावर होईल ह्याची गॅरंटी नाही, मागचे पगार अजून अडकलेत. त्यांच्या एका जुन्या साहेबांच्या ओळखीनं युगांडात जागा निघालीय, जिंजा म्हणून शहर आहे त्याच्या बाजूला मोठा कारखाना आहे. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, पगार डॉलरमधी, राहायला क्वार्टर, वर्षाला एकदा घरी यायचं तिकीट. व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू झाला, ऑफर लेटर मेलवर आलंय, महिनाखेरीपर्यंत हो का नाही ते कळवायचंय.

घरात मी, मुलगी सहावीला (सेमी इंग्लिश, झेडपीची नाही प्रायव्हेट), मुलगा साडेतीन वर्षांचा अन् सासूबाई, वय ६६, शुगर आहे, गोळ्या चालू. चार एकर रान आहे, सोयाबीन अन् तूर. मी डीएड केलेलं, गावातल्या इंग्लिश स्कूलला शिकवते, पगार सांगण्यासारखा नाही.

मिस्टर म्हणायलेत सगळेच जाऊ. माझी आई म्हणते लेकरं घेऊन कुठं जंगलात निघालीस. दीर पुण्याला असतात, ते म्हणतात आईला आमच्याकडं ठेवा, पण सासूबाईंना पुण्यात दोन दिवस करमत नाही, त्या म्हणतात न्यायचंच तर मला बी घेऊन चला नाहीतर कुणीच जाऊ नका. अन् तिथला एचआरवाला म्हणतो "फॅमिलीला व्हिजिटवर आणा, परमिटचं नंतर बघू", हे बरोबर असतं का? ऊन, मलेरिया, शाळा, खाणंपिणं, तिथं बाईमाणसानं दिवसभर काय करायचं, जे माहिती असेल ते सांगा. ऐकीव नको, राहून आलेल्या माणसांनी सांगितलं तर बरं.

---

पॅनमॅन_अंबाजोगाई

ताई मी पूर्व आफ्रिकेत साखरेतच बरीच वर्षं काढलीत, आधी केनिया मग युगांडा, आता गावाकडं आहे. जमेल तसं सांगतो.

ऊन हा विषय डोक्यातून काढून टाका. विषुववृत्तावर म्हणल्यावर आपल्याला वाटतं भट्टीच असंल, पण जिंजा-कंपाला हा सगळा भाग ११०० ते १२०० मीटर उंचीवर आहे, दिवसा २७-२८, रात्री १७-१८, वर्षभर तसंच. परभणीच्या मे महिन्यातून गेलेला माणूस तिथं पहिल्या आठवड्यात स्वेटर मागतो, खोटं नाही सांगत. पाऊस वर्षातून दोन वेळा, मार्च ते मे अन् परत सप्टेंबर ते नोव्हेंबर, मधल्या महिन्यांत पण दुपारी ढग येऊन पडून जातो. लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आपण बघितलंय, अन् तिथं व्हिक्टोरिया सरोवर दारात, नाईल तिथूनच निघते. पहिल्यांदा ते पाणी बघून मला आपल्या मांजरा धरणाची आठवण येऊन नुसता राग आला होता, कुणावर ते विचारू नका.

आता कामाचं. इकडं दसऱ्याला बॉयलर पेटला, मोळी टाकली, अन् मार्च-एप्रिलमधी पट्टा पडला की मिस्टर घरी, हे जे तुम्हाला सवयीचं आहे ते तिथं नाही. बारा महिने पाऊस म्हणून ऊसही बारा महिने, गाळप जवळपास वर्षभर चालतं, लई पाऊस झाला अन् ट्रॅक्टर रानातून निघंना झाले तरच मिल थांबते, नाहीतर मेंटेनन्सपुरती. म्हणजे ऑफ सीझन विसरा. शिफ्ट, ब्रेकडाऊन, रविवारी फोन. घरच्या बाईला हे कुणी आधी सांगत नाही अन् मग तिथं गेल्यावर भांडणं होतात. बाकी उसाची पळवापळवी, शेतकऱ्याचं पेमेंट, वजनकाट्याची तक्रार हे सगळं तिथं बी सेम टू सेम आहे, मिस्टरांना परकं वाटणार नाही.

व्हिजिटचं जे म्हणलात ते ऐकू नका. टुरिस्ट व्हिसा फिरायलाच असतो, त्याच्यावर काम केलेलं चालत नाही. नोकरी करणाऱ्याला वर्क परमिट लागतं, तिथं क्लास जी म्हणतात, ते कंपनी काढते अन् कंपनीच्याच नावाशी बांधलेलं असतं, बायकोलेकरांना डिपेंडंट पास लागतो. एचआर "नंतर बघू" म्हणतो म्हणजे खर्च कुणी करायचा ते त्याचं ठरलेलं नाही. ऑफर लेटरमधी लिहून घ्या की परमिट अन् चौघांचे पास कंपनी काढणार अन् तेही यायच्या आधी. तिकीट एकट्याचं का फॅमिलीचं ते बी. क्वार्टर फर्निश्ड का रिकामं. मेडिकल कुणाकुणाचं. मधीच काम सोडलं तर परतीचं तिकीट कुणाच्या खिशातून. अन् पासपोर्ट कुणाकडं ठेवायला द्यायचा नाही, झेरॉक्स द्या.

पगार नेट का ग्रॉस तेही विचारा. तिथं पगारावर टॅक्स ३० टक्क्यांपर्यंत जातो, मोठ्या पगाराच्या वरच्या भागाला ४० सुद्धा, अन् एनएसएसएफ म्हणून आपल्या पीएफसारखं कापतात, ५ टक्के आपले १० कंपनीचे. कायमचं देश सोडून निघताना ते पैसे मागता येतात, बरेच लोक न मागताच निघून येतात.

माझं मत, मिस्टरांनी आधी जावं, परमिट हातात पडू द्या, क्वार्टर बघू द्या, मग तुम्ही. पण तीन-चार महिन्यांत. वर्ष दीड वर्ष एकट्यानं राहिलेल्या गड्यांचं तिथं काय होतं ते मी बघितलंय, इथं लिहीत नाही.

---

सळई_जालना

जंगलात जाऊन राहण्यापेक्षा इथं दोन म्हशी घ्या. तिथल्या हुकूमशहा इदी अमीननं १९७२ ला सगळ्या एशियन लोकांना ९० दिवसांत देशाबाहेर काढलं होतं, दुकानं कारखाने सोडून अंगावरच्या कपड्यानिशी. गुगल करा.

---

पॅनमॅन_अंबाजोगाई

भौ ते खरं आहे, पण अर्धवट आहे. ते कारखाने अमीननंतर बंद पडल्यात जमा होते, मग मुसेवेनी १९८६ ला राष्ट्राध्यक्ष म्हणून आल्यावर त्यांनीच जुन्या मालकांना बोलावून जायदाद परत केली. काकिरा, लुगाझी ही नावं साखरेतल्या माणसाला माहिती असतात, गुजराती लोकांनी १९२०-३० च्या काळात उभे केलेले कारखाने आहेत ते अन् आज चालू आहेत. राग अधूनमधून निघतो हे पण सांगितलं पाहिजे, २००७ ला माबिरा जंगलाची जमीन उसाला द्यायच्या विषयावरून कंपालात मोर्चा बिघडला अन् एका भारतीय माणसाचा जीव गेला. कॉलनीत तसा त्रास नसतो. पण गावातल्या माणसाला बॉसगिरी दाखवली, कामगाराला अरेतुरे केलं, तर लोक लक्षात ठेवतात, अन् आपले काही लोक ते करतात. निवडणुकीच्या काळात शहरात फिरू नये एवढं पाळायचं.

अन् म्हशीला चारा कुठाय जालन्यात 😀

---

नांदेडची_माय

ताई मी तुमच्याच जागी होते. मिस्टर शुगर इंजिनीयर, आम्ही त्याच भागात इस्टेटच्या म्हणजे कारखान्याच्या कॉलनीत राहिलो, लेकरं लहान होती. आता नांदेडला परत आलोत. पुरुषमाणसांनी परमिटचं सांगितलं, मी घरातलं सांगते, लांबेल जरा.

कॉलनी म्हणजे गेट, गेटवर असकारी म्हणजे वॉचमन, आत पंधरावीस भारतीय कुटुंबं, गुजराती, तमिळ, युपीवाले, मराठी एखाददुसरं. घराला अंगण मोठं असतं, पपई, फणस, अव्होकाडो दारातच. लाईटचं म्हणाल तर कारखान्याचा स्वतःचा चोथ्यावरचा वीज प्रकल्प असेल तर कॉलनीत लाईट जास्त जात नाही, बाहेर शहरात भाड्यानं राहिलात तर प्रीपेड मीटर असतं, याका म्हणतात, मोबाईलवरून टोकन घेऊन भरायचं, संपलं की अंधार. प्लग तिथं तीन चौकोनी पिनांचा, आपला मिक्सर तिकडं तसा चालतो पण पिन बसत नाही, अडॅप्टर चार-पाच न्या.

कपडे. हे कुणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगते. बाहेर दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर तिथं एक माशी अंडी घालते, मँगो फ्लाय म्हणतात, ते कपडे तसेच घातले तर अळी कातडीत शिरते अन् गळवासारखी गाठ येते, आत अळी असते. शेजारच्या तमिळ बाईच्या बाळाला पाठीवर तशा गाठी आल्या होत्या, डॉक्टरनं व्हॅसलीन लावून श्वास कोंडून बाहेर काढल्या. घाबरू नका, उपाय सोपा आहे, प्रत्येक कपड्याला गरम इस्त्री, चड्डी बनियन लंगोट टॉवेल सगळ्याला, शिवणीवर नीट फिरवायची. नाहीतर जाळीच्या आत वाळवायचे. तिथं घरोघरी इस्त्री चालते ती कडक कपड्यांसाठी नाही, ह्याच्यासाठी. अन् सरोवराच्या कडेला उथळ पाण्यात लेकरांना पाय घालू द्यायचे नाहीत, बिलहार्झिया म्हणून जंत असतात ते कातडीतून आत जातात. सुट्टीच्या दिवशी लोक पाण्यात उतरलेले दिसतील, उतरू द्या त्यांना.

खाण्याचं. उपाशी कुणी राहत नाही. जिंजा अन् कंपालात गुजराती दुकानांत सगळं मिळतं, तूरडाळ, पोहे, हिंग, साबुदाणा, महाग पडतं इतकंच. तूर तर उत्तर युगांडात पिकते, अन् टांझानिया मोझांबिकची तूर आपल्याच लातूरच्या डाळमिलवाल्यांकडं येते आणि मग आपल्या तुरीचा भाव पडतो, ती तूर तिथं स्वतःच्या देशात बघून मला कसंतरीच झालं होतं. भाकरीचं मात्र अवघड. ज्वारी मिळते, पण बरीचशी लाल-तपकिरी, पाखरांनी खाऊ नये म्हणून तसलंच वाण लावतात, तिला तुरटपणा असतो, तिथं ती दारूला जास्त जाते. भाकरी थापली तर चिरा पडतात अन् कडवट लागते. नाचणी एकदम चांगली मिळते, तिची भाकरी करायची, लेकरांना सवय लागते. मक्याच्या पिठाचा पोशो अन् केळ्यांचं मटोके हे तिथलं रोजचं जेवण. मटोके कच्च्या केळ्यांचं असतं, पानात गुंडाळून वाफवतात, त्याच्याबरोबर शेंगदाण्याचा रस्सा, तो रस्सा आपल्या माणसाला लगेच आवडतो. काळा मसाला अन् येसर घरून वर्षाचा न्यायचा, हवाबंद, नाहीतर ओल्या हवेनं गोळा होतो. कातडी चप्पल, पट्टे, लग्नातल्या साड्या, सगळ्याला बुरशी धरते. भारी साड्या नेऊच नका.

कामाला बाई मिळते, बहुतेक घरांत असते. तिची वेळेची भाषा समजून घ्या नाहीतर गोंधळ होतो, तिथं घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजायची पद्धत आहे, "दोन वाजता येते" म्हणली की आपले सकाळचे आठ. तिला घरातल्यासारखं वागवा, पगार ठरल्या दिवशी द्या, तिच्या घरी कुणी वारलं तर जा. मला तिथं जे काही शिकायला मिळालं, भाजी कुठली घ्यायची, कुठल्या रस्त्यानं जायचं नाही, ताप आल्यावर कुठं न्यायचं, ते तिच्याकडूनच.

आता खरं अवघड. तुम्ही नोकरी करणारी बाई आहात. डिपेंडंट पासवर नोकरी करता येत नाही, तिथं शिकवायचं तर तुमच्या नावाचं वेगळं परमिट लागतं. सकाळी सातला उजाडतं संध्याकाळी सातला अंधार, बारा महिने तेच, ऋतू बदलत नाही, दिवाळी आली कधी गेली कधी कळत नाही. मिस्टर प्लांटवर. कॉलनीतल्या बायका चांगल्या, पण नवऱ्यांची पोस्ट जशी तशा त्या बसतात, चीफच्या मिसेस कुठं बसल्या, जीएमच्या कुठं. मला पहिले काही महिने रोज रडू यायचं, मी आईला व्हॉट्सअ‍ॅपवर सांगायचे लई मजा आहे म्हणून. मग मी कॉलनीतल्या चार लेकरांना मराठी-हिंदी शिकवायला घेतलं, पैसे नाही घेतले, त्यानं दिवस जायला लागले. तुम्ही डीएड आहात तर इस्टेटच्या शाळेलाच विचारा मिस्टरांच्या ऑफरबरोबर तुमचंही काही जमतं का, कंपनीनं ठरवलं तर परमिट निघतं. ते आधी विचारायचं असतं, गेल्यावर कुणी ऐकत नाही.

तरी जा का म्हणाल तर मी जा म्हणीन, पण लेकरांसकट. नवरा तिकडं, तुम्ही इकडं शेत अन् सासूबाई अन् शाळा, ते दोन्हीकडनं तुटतं.

---

परभणी_ओपीडी

मी डॉक्टर आहे, तिकडं राहिलो नाही, पण परत आलेले पेशंट बघतो म्हणून लिहितो.

यलो फीव्हरची लस घेतल्याशिवाय युगांडात प्रवेश नाही, एक वर्षावरच्या प्रत्येकाला लागते. सरकारमान्य सेंटरवरच मिळते, मुंबई पुण्याला जावं लागेल, आधी अपॉइंटमेंट. घेतल्यानंतर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. परत भारतात येताना हे कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईनला ठेवू शकतात, म्हणून पिवळं कार्ड पासपोर्टलाच चिकटवल्यासारखं ठेवा. मुख्य मुद्दा, साठीच्या पुढच्या माणसाला पहिल्यांदाच ही लस देताना विचार करावा लागतो, गंभीर रिअ‍ॅक्शनचा धोका वयाबरोबर वाढतो. सासूबाई ६६ च्या आहेत, त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्यांचं तिकीट काढू नका. शिवाय कंपनीचं मेडिकल बहुतेक वेळा नवरा बायको मुलांपुरतंच असतं.

मलेरिया. जगात सगळ्यात जास्त मलेरिया असलेल्या देशांत युगांडाचा नंबर वर लागतो, अन् तिथला मुख्यतः फाल्सिपॅरम, जो मेंदूत जातो तोच. तिथल्या मोठ्या माणसांना लहानपणापासून होऊन होऊन थोडी प्रतिकारशक्ती असते, ते ताप घेऊन दोन दिवसांत कामावर येतात, त्यांचं बघून आपण तसं करायचं नाही. साडेतीन वर्षांचं लेकरू तर सगळ्यात धोक्यात. औषध लावलेली मच्छरदाणी रोज रात्री, खिडक्यांना जाळी, संध्याकाळनंतर अंगभर कपडे. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, आज बघू उद्या बघू नाही. वेळेत कळलं तर आर्टेमेथर-ल्युमेफँट्रीनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो. वर्षानुवर्षं प्रतिबंधक गोळ्या खाणं बहुतेकांना जमत नाही, पण पहिल्या काही महिन्यांसाठी घ्यायच्या का ते मुलाच्या वजनावरून डॉक्टर ठरवतील.

अन् सुट्टीला गावी आल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की आफ्रिकेतून आलोय. माझ्याकडं एक पेशंट आला होता, चार दिवस डेंग्यू डेंग्यू म्हणून सलाईन चालू होतं दुसरीकडं, त्यानं सांगितलंच नव्हतं कुठून आलाय.

---

कळंबची_लेक

बापरे एवढं सगळं सांगितलंत, खरंच आभार. इस्त्रीचं वाचून सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणल्या "मग मी इथंच बरी" 😅 म्हणजे त्यांचा प्रश्न अर्धा सुटला, आता माझ्या मोठ्या नणंदेकडं केजला राहायला तयार झाल्यात, पुण्यापेक्षा केज बरं, तिथं ओळखीची माणसं आहेत.

दोन गोष्टी राहिल्या. रानाचं काय करायचं, सातबारा मिस्टरांच्या नावावर आहे, बाहेर गेल्यावर जमिनीला काही होतं का, कुणीतरी म्हणलं एनआरआयला शेती ठेवता येत नाही. अन् मुलीच्या शाळेचं कुणी बोललं नाही.

---

हिशोबनीस_संभाजीनगर

जमिनीला काही होत नाही. नियम असा आहे की एनआरआयला शेतजमीन नवीन विकत घेता येत नाही, आधीची असलेली अन् वारसानं आलेली ठेवता येते. बटईनं द्या किंवा ठोक्यानं, पण साध्या कागदावर का होईना लिहून द्या, एक एक वर्षाचं. ई-पीक पाहणी नणंदेच्या मिस्टरांच्या मोबाईलवरून होऊ शकते, एका फोनवर बरेच खातेदार जोडता येतात, ती चुकवू नका नाहीतर पीक विम्याला अन् अनुदानाला अडचण येते. पीएम किसानचा हप्ता मात्र एनआरआयला लागू नाही, तो बंद करायला अर्ज द्या, नंतर वसुली लागते ते डोक्याला ताप.

बँकेत जाऊन मिस्टरांचं सेव्हिंग खातं एनआरओ (एनआरआयचं इथल्या पैशाचं खातं) करून घ्यायचं, अन् तिकडून पैसे पाठवायला वेगळं एनआरई खातं उघडायचं. कळंबच्या शाखेत हे कुणाला माहिती नसेल, लातूर-संभाजीनगरच्या मोठ्या शाखेत जा. इन्कम टॅक्सचं असं की आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिले तर नोकरीला बाहेर गेलेला माणूस अनिवासी धरतात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत निघाले तर त्याच वर्षी. ऑक्टोबरात निघाले तर तिकडच्या सहा महिन्यांच्या पगाराचा हिशोब इकडं पण दाखवावा लागेल. युगांडाशी दुहेरी कराचा करार आहे, त्यामुळं दोनदा भरावा लागणार नाही, पण कागदं सांभाळावी लागतात.

जायच्या आधी अजून एक बघा. लग्नाचा दाखला, लेकरांचे जन्मदाखले अन् पासपोर्ट, तिन्हीकडं नावाचं स्पेलिंग एकच आहे का? आपल्याकडं ग्रामसेवकानं एक लिहिलेलं असतं, शाळेत दुसरं, आधारला तिसरं. डिपेंडंट पास ह्याच्यावर अडतात, दुरुस्तीला दोन-दोन महिने जातात, आजच बघा.

---

लातूर_पॅटर्नचा_बाप

शाळेचं मी सांगतो. युगांडातलं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीला सुरू होतं, डिसेंबरला संपतं, तीन टर्म. आपलं जूनला. कंपालात इंटरनॅशनल शाळा आहेत, केंब्रिजच्या, भारतीय पद्धतीच्या पण, त्यांची फी डॉलरमधी अन् जिंजाहून कंपाला ऐंशी किलोमीटर, रोज जाणं शक्य नाही. म्हणजे इस्टेटची शाळा किंवा जिंजातली. सगळं इंग्रजीत. सेमीची पोरगी सहा महिन्यांत सावरते, त्याची काळजी नको.

काळजी पुढची आहे. मुलगी आता सहावीला, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे आठवी, वाढवलं तर दहावी. महाराष्ट्रात मेडिकलला राज्याच्या ८५ टक्के कोट्यात बसायचं असेल तर डोमिसाईल तर लागतंच, शिवाय दहावी अन् बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्याच शाळा-कॉलेजातून पास लागतात. दहावी तिकडं झाली तर हा कोटा हातातून जातो, मग नुसत्या ऑल इंडियावर लढायचं. माझ्या ओळखीतल्या एका पोराचं हेच झालं, मार्क चांगले अन् कॉलेज नाही. प्रवेशाचं माहितीपत्रक दरवर्षी निघतं, त्यात बघून खात्री करा, पण आज हिशोब करताना नववीच्या जूनला मुलगी परत आणायची असं धरून चला. डॉक्टर-बिक्टर करायचंच नसेल तर गोष्ट वेगळी, पण आठवीतच कुणाला कळतं.

अन् निघताना शाळेतून टीसी काढताना शिक्का, सही, जनरल रजिस्टर नंबर सगळं नीट घ्या. परत आल्यावर तोच कागद मागतात.

---

सळई_जालना

एवढा अभ्यास लोक लग्न जमवताना पण करत नाहीत.

---

कळंबची_लेक

आज मिस्टरांनी एचआरला मेल टाकला, पॅनमॅन दादांनी सांगितलेले सगळे मुद्दे एकेक करून लिहिले. उत्तर आलं की परमिट आणि आम्हा तिघांचे पास कंपनी काढेल, पण तिकीट पहिल्या वर्षी फक्त मिस्टरांचं, फॅमिलीचं दुसऱ्या वर्षापासून. माझ्या शिकवण्याबद्दल विचारलं तर म्हणले शाळेच्या हेडमास्तरांना सीव्ही पाठवा. पाठवलाय, आता बघू. मिस्टर म्हणायलेत तिकिटाचे पैसे आपण घालू, मी म्हणलं आधी इथले अडकलेले पगार तर काढून घ्या कारखान्याकडून, राजीनामा दिल्यावर कोण देणारय.

जन्मदाखल्यात मुलाचं नाव खरंच वेगळं निघालं. उद्या नगरपंचायतीत जाते.

---

पॅनमॅन_अंबाजोगाई

पगाराचं एकदम बरोबर बोललात. राजीनाम्याआधी थकबाकीचं पत्र मागा, ग्रॅच्युइटी, पीएफचा यूएएन, रिलीव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स सर्टिफिकेट, सगळं लेटरहेडवर. वर्क परमिटला अनुभवाचे कागद लागतात, अन् इथं एकदा चेअरमन बदलला की जुन्या माणसाची फाईल कुणाला सापडत नाही.

तिकिटाचं अजून एकदा रेटून बघा. पहिल्या वर्षाचं निम्मं तरी द्या म्हणा. चांगला केमिस्ट त्यांना पण सहज मिळत नाही, मिस्टरांनी रिकव्हरीचे (म्हणजे साखर उताऱ्याचे) आकडे दाखवले तर एचआर नाही म्हणल तरी जीएम ऐकल.

---

नांदेडची_माय

ताई सीव्हीबरोबर डीएडची मार्कशीट इंग्रजीत जोडली का? नसेल तर आजच जोडा. अन् सामानात प्रेशर कुकरच्या रिंगा अन् शिट्ट्या दोन-तीन जास्तीच्या घाला, आपल्या कंपनीच्या तिथं सापडत नाहीत.

निघायची तारीख ठरली की इनबॉक्सला मेसेज टाका, माझ्या जुन्या कामवाल्या बाईचा नंबर देते, अजून तिथंच असते, तुमच्याकडं काम करील.